पाचवं शील दोनदा

माझ्या नास्तिकपणाचा पाया बत्तीस गुणांवर उभा आहे. दहावीच्या गणितात पास व्हायला पस्तीस लागतात. वरचे तीन गुण मिळाले असते तर मी आज दर शनिवारी मारुतीला तेल वाहत बसलो असतो आणि बीडमधल्या कितीतरी लोकांची माझ्या व्याख्यानांतून सुटका झाली असती.

हे मी आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. मी कनिष्ठ महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतो. गणितात गचकलेल्या माणसाच्या हाती तर्कशास्त्र दिलं, त्यावरून आपल्याकडं संधी सगळ्यांना मिळते हे सिद्ध होतं. कुणी विचारलं, "सर, तुम्ही देव मानत नाही, हे कसं झालं?" की मी चष्मा काढायचो, पुसायचो, पुन्हा घालायचो आणि म्हणायचो, "वाचनातून. हळूहळू." खरं म्हणजे हळूहळू वगैरे काही नाही. एका दुपारी दहा मिनिटांत झालं ते सगळं, आणि तेव्हा माझ्या तोंडात खोबरं होतं.

आमचं गाव नेकनूरच्या पुढं. आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला, त्यामुळं आमच्या घरात देव नव्हतेच. मी ज्याला सोडलं म्हणून छाती काढून फिरतो, तो देव मुळात आमच्या घरी कधी राहायलाच आला नव्हता. शाळेत माझ्या बाकावर एक धनगराचा पोरगा बसायचा. आजही तोच माझा एकुलता एक जुना मित्र आहे. गणितात आम्ही दोघंही सारखेच दगड. पेपरच्या आदल्या दिवशी भर दुपारी तो मला वेशीवरच्या मारुतीकडं घेऊन गेला. मी पायरीवरच थांबलो.

"ये की आत. कोन बघतंय?" तो म्हणाला.

कुणी बघत नव्हतं. मी आत गेलो. आम्ही दोघांनी मिळून नवस बोलला: पास झालो तर एक नारळ. दोघांत एकच, कारण ऐपत तेवढीच. निकाल लागला तेव्हा त्याला बरोब्बर पस्तीस होते आणि मला बत्तीस. त्यानं इमानदारीत नारळ फोडला, अर्धा माझ्या हातात दिला आणि अगदी समजूत घालावी तसा म्हणाला, "तुझं ऐकलं न्हाई. कावून म्हनशील तर तू आमच्यातला न्हाई ना. त्याला तुझी वळखच न्हाई."

त्याच्या मनात काहीच नव्हतं. तो मला धीर देत होता. पण मला ते जे लागलं ते लागलं. म्हणजे वर बसलेल्यानंही माझा पेपर न बघता दाखला बघितला होता! मी ते अर्धं खोबरं पूर्ण खाल्लं, गोड होतं, आणि खाता खाताच ठरवून टाकलं की देव नाही. असता तर त्यानं मला पास केलं असतं. हा माझा पहिला तार्किक निष्कर्ष. असला निष्कर्ष काढणाऱ्या मुलांना मी आज वर्गात उभं करतो.

ऑक्टोबरमध्ये मी गणितात सुटलो, तेही कुणाचा नवस न बोलता. त्यामुळं तर माझ्या मताला पुरावाच मिळाला.

आता दादांचं सांगायला हवं. दादा म्हणजे माझे वडील. एसटीच्या बीड डेपोत मेकॅनिक होते. सहा दिवस गाड्यांच्या खाली आणि रविवारी विहारात. आमच्या वस्तीनं स्वतः विटा वाहून बांधलेलं एक खोलीचं विहार होतं, छपरावर एक कर्णा. रविवारी सकाळी दादा पांढरा सदरा घालून माइकसमोर बसत आणि पंचशील देत. पाच शीलं. जीव घेणार नाही, चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, खोटं बोलणार नाही, नशा करणार नाही. दादा एक शील पालीत म्हणत, लोक मागून म्हणत, मग पुढचं. त्याच्याही आधी, समोर बसलेली माणसं हात जोडून काहीतरी म्हणायची. ते काय, याकडं मी कधी लक्ष दिलं नाही. माझं लक्ष शेवटाकडं असायचं, कारण शेवटी केळं मिळायचं.

दादांची एक सवय मात्र माझ्या लक्षात राहिली, तीही पुढं मी कॉलेजातून सुट्टीला यायचो तेव्हाची, विहाराच्या दाराबाहेरून बघितलेली. पाचवं, नशेचं शील ते दोनदा म्हणायचे. एकदा लोकांकडं बघून आणि एकदा खिडकीकडं तोंड करून. सगळ्या पंचक्रोशीत पंचशील म्हणजे पाच, आमच्या गावात सहा.

नास्तिक झाल्यावर मी विहारात जाणं सोडलं. घरात मोठं रण माजेल, बाप अंगावर येईल, आपण घर सोडू, अशी माझी तयारी होती. दादा म्हणाले, "यायचं तर ये. न्हाई तर राहू दे." आणि सदऱ्याची बटणं लावत निघून गेले. बंड करायला निघालेल्या पोराला यापेक्षा वाईट बाप मिळू शकत नाही.

पुढं मी शिकलो, नोकरी लागली, बीडमध्ये घर केलं. गेल्या हिवाळ्यात तिथल्याच एका सभागृहात माझं व्याख्यान ठेवलं होतं. विषय: मी नास्तिक कसा झालो. तीसेक माणसं होती. त्यात चहाची व्यवस्था बघणारे दोघं धरले तर बत्तीस. या आकड्यानं मला तेव्हाच सावध करायला हवं होतं. पण माइक हातात आला की मला काय होतं कुणास ठाऊक. नारळाची गोष्ट गिळून मी म्हणालो, "आमच्या घरी दर रविवारी पोपटपंची चालायची. मंत्र तेच, फक्त भाषा बदललेली. पाचवं शील तर दोनदा! मी वडिलांना विचारायचो, दोनदा का? उत्तर नाही. ज्या घरात प्रश्नाला उत्तर मिळत नाही, त्या घरात एक तर भक्त जन्मतो, नाही तर नास्तिक."

वाक्य जमलं होतं. लोक हसले, टाळ्याही पडल्या. टाळ्या संपता संपता मला शेवटच्या रांगेत पांढरा सदरा दिसला.

दादा न कळवता आले होते. मांडीवर पिशवी होती, पिशवीत आमच्यासाठी तुरीच्या शेंगा. ते पूर्ण व्याख्यान ऐकून, सगळ्यांबरोबर चहा पिऊन माझ्यासोबत बाहेर पडले. घरी चला म्हटलं तर म्हणाले, गाडी आहे सव्वासहाची. बसस्टँडपर्यंत आम्ही रिक्षानं गेलो. मी मनातल्या मनात उत्तरं तयार करत होतो: हे माझं व्यक्तिगत मत, व्याख्यानात थोडं रंगवावं लागतं, वगैरे. दादांनी नेकनूरची गाडी लागलेली बघितली, पिशवी माझ्या हातात दिली आणि पायरीवर पाय ठेवून विचारलं, "तू कवा इचारलंस?"

चिडून नाही. त्यांना खरोखरच आठवत नव्हतं. आठवणार कसं? मी कधी विचारलंच नव्हतं.

मी म्हणालो, "पोचल्यावर फोन करा." असा हजरजबाबी माणूस मी.

होळीच्या आसपास दादांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. सिव्हिलमधून सोडल्यावर मी त्यांना बीडला घरी आणलं. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, गावाकडं बघणारं कुणी नव्हतं. दादांना सगळं समजत होतं, पण तोंडातून एकच शब्द निघायचा: चालतंय. पाणी देऊ का? चालतंय. दुखतंय का? चालतंय. हा हात कुणाचा? चालतंय. डेपोत आयुष्यभर हाताखालच्या पोरांनी काम दाखवलं की ते हेच म्हणत असणार. बाकीचे सगळे शब्द गेले आणि हा एक ड्युटीवर राहिला.

माझ्या बायकोला पंधरा दिवसांत त्यातले प्रकार कळायला लागले. भुकेचं चालतंय वेगळं, कुशीवर वळवा म्हणायचं वेगळं, आणि मी खोलीत शिरल्यावरचं वेगळं. ते शेवटचं कसं असतं, हे तिनं मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, सवयीप्रमाणे.

बोलण्याचे व्यायाम घेणारी एक मुलगी आठवड्यातून दोनदा यायची. तिनं सांगितलं, "सर, हजारो वेळा म्हटलेलं असतं ना, ते कधी कधी मेंदूत वेगळीकडं शाबूत राहतं. सुरुवात करून दिली की माणूस पुढचं बरोबर म्हणतो. त्यातून बाकीचं बोलणंही थोडंफार सुटू शकतं. पण लवकर करायला हवं, हे पहिले महिनेच महत्त्वाचे. त्यांना काय पाठ आहे? आरती, स्तोत्र, पाढे?"

मी ताठ होऊन म्हणालो, "आमच्यात प्रार्थना नसते. आम्ही कुणाकडं काही मागत नाही."

"मग ते दर आठवड्याला काय म्हणायचे?"

पोपटपंची, हा शब्द ओठावर आला आणि मी तो तुरीच्या शेंगेसारखा सालासकट गिळला.

त्या दिवसापासून मी सुरू केलं. रोज सकाळी खाटेसमोर खुर्ची टाकून बसायचो आणि पहिलं शील म्हणायचो. आधी फोनवर ऐकून पाठ केलेलं, कारण मला धड तेही येत नव्हतं. दादा शांतपणे ऐकायचे. मी थांबायचो, त्यांनी पुढचं म्हणावं म्हणून. ते माझ्याकडं बघत राहायचे. मी दुसरं म्हणायचो. ते बघत राहायचे. मग चालतंय. फोनवरचं लावून दिलं, तर त्यात मागं कीबोर्ड वाजत होता. दादांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. बायकोला तिच्या माहेरच्या चालीत म्हणायला सांगितलं. तिचं त्यांनी कौतुकानं ऐकून घेतलं, पण तोंड उघडलं नाही. तीन आठवडे गेले. वहीत रोजची नोंद मी ठेवत होतो: प्रतिसाद नाही.

मला भीती वाटायला लागली होती. दादा असेच एका शब्दावर संपतील आणि बसस्टँडवरचा तो प्रश्न हेच त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं ठरेल. बाथरूममध्ये नळ सोडून मी एकदा रडलोही. नळ अशासाठी, की नास्तिक माणसं खंबीर असतात असं मी घरात सांगून ठेवलं होतं.

अशा एका रविवारी सकाळी तो धनगर मित्र आला. प्लॅस्टिकच्या बाटलीत शेळीचं दूध घेऊन. डोक्याचं मुंडासं सोडून तो दाराजवळ फरशीवर बसला. खुर्चीवर कधी बसत नाही, म्हणतो पाठ दुखते. मी माझी रोजची तालीम सुरू केली. पहिलं शील म्हटलं, थांबलो. दुसरं म्हटलं.

"हे काय करायलास बे मास्तर?" तो म्हणाला.

मी त्याला मेंदूचं शास्त्र समजावून सांगितलं. त्यानं ते ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पर तू कावून सांगायलास? सांगायचं काम त्यांचं हाय. आपुन मागायचं असतंय."

"काय मागायचं?"

"शील. आदी हात जोडून मागतेत लोक. तीन बार. मागितल्याबिगर तुझा बाप एक अक्षर देत न्हाई कुनाला. आन् तू त्यांच्यासमोर बसून त्यांनाच शिकवायला लागलास!"

मग त्यानं डोळे मिटले आणि ती सगळी याचना, पालीत, न अडखळता म्हणून दाखवली. मी खुर्चीत बसून ऐकत राहिलो. विहाराच्या मागच्या माळावर तो तीस वर्षं मेंढरं राखत होता. कर्णा त्याच्याच दिशेला होता. त्याला सगळं येत होतं. म्हणाला, शेवटी तीनदा 'साधू' झालं की त्याची मेंढरं आपोआप उठून पुढं चालायला लागायची. म्हणजे आमच्या वस्तीत वाढून, त्या बापाच्या पोटी जन्मून मला जे माहीत नव्हतं, ते मेंढरांना माहीत होतं.

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "आमच्याकडं भंतेजींकडंच मागतात. मामंजींकडं मागायचं असतं हे मला कसं कळणार?" खरं होतं. आमच्या गावात भंतेजी वर्षातून एकदा आले तर आले. म्हणून लोक दादांकडंच मागायचे. शहरातल्या जाणकारांनी त्याला नावंही ठेवली होती.

"मग तूच माग ना," मी मित्राला म्हणालो. "तुला येतंय."

"मी माझ्यातलाच बरा. तू माग. बाप तुझा हाय."

मी खुर्ची बाजूला सारली आणि फरशीवर बसलो. त्यानं एक एक तुकडा सांगावा आणि मी हात जोडून म्हणावं, असं चाललं. आम्ही कुणाकडं काही मागत नाही, हे वाक्य म्हणणारा हाच तो इसम, असं कुणी बोट दाखवलं असतं तर मी नाही म्हणणार नव्हतो. पहिल्या वेळी मी दोनदा चुकलो. दुसऱ्या वेळी एकदा. तिसऱ्या वेळी सरळ म्हटलं.

दादांचा डावा हात छातीवर आला. उजव्याला शोधत थोडा फिरला, उजवा आला नाही, तेव्हा एकटाच उभा राहिला. मग त्यांनी घसा खाकरला. आणि माइकसमोरचा तो आवाज, मोठा, ठाशीव, माझ्या बीडच्या बैठकीच्या खोलीत उमटला. पहिलं शील. एकही अक्षर गाळलेलं नव्हतं. बायकोनं तोंडाला पदर लावला. दादा थांबले आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मागून म्हणायचं होतं, आणि मला कळेना की मी रडतोय की म्हणतोय. ते थांबून राहिले. मी म्हटल्यावरच त्यांनी दुसरं दिलं. मग तिसरं. चौथं. पाचवं.

पाचवं झाल्यावर त्यांनी मान वळवली. दाराकडं, मित्र बसला होता तिकडं. आणि पाचवं पुन्हा म्हणाले. मित्रानं मान खाली घातली होती. तो पुटपुटत मागून म्हणत होता.

मी पुढं सरकलो. आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, "दादा, पाचवं दोनदा कावून म्हनता?"

दादांचे ओठ हलले. कपाळावर आठ्या पडल्या. ते शब्द शोधत होते, खाटेखाली हरवलेल्या चपलेसारखे चाचपत होते. मी वाट बघितली, जेवढी वाट बघायला हवी तेवढी. शेवटी ते म्हणाले, "चालतंय." आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

उत्तर मित्रानं दिलं. "मी लई प्यायचो. माळावरच, विहाराच्या खिडकीसमोर पडलेला असायचो रविवारी. तुझ्या बापानं एक डाव येऊन मला उठवलं. म्हनले, नोकरीला लागलो तवा मीबी असाच व्हतो. मंग हे धरलं. माइकवर चारचौघांत म्हनलं की आठ दिस बाटलीला हात लावायची लाज वाटतीया. म्हनले, तू काय विहारात येनार न्हाईस. येऊ बी नको. मी एक डाव माझ्यासाठी म्हनतो, एक डाव तुझ्यासाठी म्हनत जाईन. तू तितनं ऐक." त्यानं मुंडासं उचलून तोंड पुसलं. "बावीस वर्सं झाली सोडून."

तो अजून शनिवारी मारुतीला जातो. तू नेमकं काय मानतोस, असं मी त्याला त्या दिवशी विचारलं. दोन प्रश्न एकाच दिवशी म्हणजे माझ्या मानानं खूपच झालं. तो म्हणाला, "ज्यानं उठिवलं त्याला." आणि बाटली धुऊन द्या म्हणाला.

मला त्याचा हेवा वाटला, हे लपवण्यात अर्थ नाही. माझ्या बापानं दर रविवारी त्याच्यासाठी एक वाक्य राखून ठेवलं होतं, आणि त्याच वाक्यावर मी सभागृहात टाळ्या घेतल्या होत्या. मी आजही देव मानत नाही. बत्तीस गुणांचं कारण आता पुरत नाही, तेव्हा दुसरं शोधावं लागेल. पण दर रविवारी मी फरशीवर बसून तीनदा मागतो.

पुढच्या रविवारी दादांनी चौथं दिलं, खोटं न बोलण्याचं. मी मागून म्हटलं. दादा पाचव्याकडं निघाले तेव्हा मी हात वर केला, वर्गात मुलं करतात तसा.

"दादा, चौथंबी दोनदा म्हना. एक डाव माझ्यासाठी."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग चौथं पुन्हा म्हणाले, सावकाश, माझ्या तोंडाकडं लक्ष ठेवून. मी सगळं नीट म्हटल्यावर त्यांनी मान हलवली.

"चालतंय," दादा म्हणाले.